मुराळ्याची काठी

सोलापूरच्या माणसाने समुद्रात मासे धरायची काठी घ्यायला निघावं, यातच सगळं आलं. आमच्या आप्पांनी समुद्र पाहिलाच नव्हता. त्यांचं लहानपण सांगोल्याकडच्या माळावर मेंढरांमागं गेलं आणि पुढचं आयुष्य सोलापुरात गिरणीत. पाणी म्हणजे आड, तळं आणि दुष्काळात टँकर, एवढीच त्यांची ओळख.

पण माझ्या थोरल्या बहिणीला, अक्काला, कोकणात दिली होती. लग्नाच्या पंगतीत तिच्या सासऱ्यांनी आप्पांची फिरकी घेतली. पहिल्या दिवाळीला मुराळी होऊन लेकीला न्यायला याल, तेव्हा आमच्या समुद्रातला एक मासा धरून दाखवा, तरच तिला पाठवू, असं ते म्हणाले. पंगत हसली. आप्पा हसले नाहीत. त्यांनी गंभीरपणे मान हलवली, म्हणजे शब्द दिला.

व्याह्यांनी एकमेकांची थट्टा करायची रीत आमच्याकडेही आहे. एकमेकांच्या मिशीपासून जोड्यापर्यंत कशावरही बोलावं. पण आप्पांच्या गावात लेकीला माहेरी धाडण्यावरून कुणी थट्टा करत नसे. तिथं अट म्हणजे अट. आईनं समजावलं, मी डोकं फोडलं, आप्पा ढिम्म. लग्न झाल्यापासून अक्का घरी आली नव्हती आणि आता तिचं येणं एका माशावर अडलंय, ही त्यांची पक्की समजूत होती.

दिवाळी जवळ आली तशी त्यांनी मला बरोबर घेऊन नवी पेठ पालथी घातली. मी तेव्हा कॉलेजात होते आणि ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून देव पाण्यात घालून चालत होते. खेळाच्या दुकानात बॅटी होत्या, कॅरम होते. गळाची काठी मागितल्यावर दुकानदाराने आम्हाला वरपासून खालपर्यंत पाहून घेतलं. शेवटी एका बोळात जाळी आणि गळ विकणाऱ्या म्हाताऱ्याकडे ती सापडली. कुणी तरी मुंबईहून आणून विकलेली, चांगली लांब, शेंड्याकडे निमुळती, अंगावर दोरा ओवायच्या बारीक कड्या. खास समुद्राच्या किनाऱ्यावरून लांब फेकण्यासाठी केलेली. आमचं काम झालं, असं मला वाटलं.

आप्पांनी शेंडा जमिनीला टेकवून दाबला. काठी छान कमानीसारखी वाकली आणि आप्पांचा चेहरा उतरला.

"ही वाकती की," ते म्हणाले.

"चाचा, लचकनाच होना इसकू," म्हातारा म्हणाला.

आप्पांना ते मुळीच पटलं नाही. मेंढरं राखणाऱ्याच्या लेखी काठीची परीक्षा एकच, लांडग्याच्या पाठीत घातली तर ती वाकता कामा नये. म्हाताऱ्याकडून नुसती दोरी, गळ आणि शिशाचं वजन घेऊन त्यांनी मला ओढत बुरुडाकडे नेलं. तिथं एक डोळा मिटून एकेक बांबू निरखला, पेरं चाचपली, बुडखा फरशीवर आपटून आवाज ऐकला. बुरुडानं विचारलं, कशासाठी पाहिजे? मासा धरायला, आप्पा म्हणाले. केवढा मासा, असं त्यानं विचारलं तेव्हा आप्पांनी आणखी जाड, भरीव बांबू निवडला.

तो सोटा एसटीच्या टपावर बांधून आम्ही कोकणात पोचलो. अक्काच्या घरी चहा झाला आणि आप्पा लगेच म्हणाले, पाव्हणं, चला. सासरे मजेत उठले, अक्काही आली. समुद्र दिसल्यावर आप्पा जरा वेळ नुसते उभे राहिले. एवढं पाणी बघून त्यांना आनंद झाला की राग आला, मला कळलं नाही.

मग त्यांनी सोटा फिरवला. शिसं त्यांच्याच पायाशी पडलं. दुसऱ्या खेपेला गळ सासऱ्यांच्या टोपीत अडकला आणि टोपी पाण्यात गेली. सासरे पोट धरून हसले, मीही हसले. आप्पांच्या कपाळावर मात्र घाम आला होता. ते बघितलं आणि माझं हसू तिथंच विझलं. मला त्या सासऱ्यांचा मनापासून राग आला.

आप्पांनी सोटा वाळूत टाकला. दोरी सुटी केली, हातभर सोडून डोक्यावर गरगर फिरवली आणि लहानपणी जोंधळ्यातली पाखरं हाकलताना गोफण सोडत तशी सोडून दिली. शिसं लाटांच्या पलीकडे जाऊन पडलं. सासऱ्यांनी आ वासला.

मग आप्पा कमरेइतक्या पाण्यात दोरी धरून उभे राहिले. किती हाका मारल्या तरी वळेनात. दिवस कलला तेव्हा कुठे ते बाहेर आले, ओंजळीत बोटभर मासा घेऊन.

"मासा घावला, पाव्हणं," ते म्हणाले. "आता माजी पोरगी द्या."

सासरे हसायला गेले आणि मध्येच थांबले. माशाची ती अट ते पंगतीतच विसरले होते. "अहो व्याही, थट्टा हो ती," ते हळू आवाजात म्हणाले. "तिची ट्रंक सकाळपासून ओटीवर भरून ठेवलीय." ट्रंक आम्हीही पाहिली होती. आप्पा तिच्यावरच बसून चहा प्यायले होते.

अक्कानं तो मासा उचलून तळहातावर ठेवला. डोळे भरले होते, तरी तिला थट्टा सुचलीच. "आप्पा, एवढ्याशा माशावर सोडवलंत व्हय मला?"

आप्पा धोतर पिळत होते. "ह्यो न्हाई घावला असता तर हितंच हुबा ऱ्हायलो असतो की, घावंस्तवर."

अक्कानं त्यांच्या हातातला धोतराचा सोगा घेतला आणि स्वतःच पिळू लागली.