बरंय मावशीची साक्ष

इस्त्रीच्या दुकानात तिला सगळे बरंय मावशी म्हणत. कसं काय विचारा, उत्तर एकच: "बरंय." वाफेनं हात कोपरापर्यंत भाजला तेव्हाही बरंय, आणि आई गेली त्या आठवड्यात कामावर आली तेव्हाही बरंय. आपलं रडगाणं चारचौघांत गाऊ नये, ही खूणगाठ तिनं लहानपणीच बांधली होती. अशा बाईला वकील गाठावा लागला, आणि तोही रडगाणं गाण्यासाठीच.

झालं असं, की मावशी आईबापांबरोबर लहानपणी या देशात आली आणि इथलीच नागरिक झाली. नवरा मागाहून आला, बेकरीत भट्टीवर लागला. त्याचा राहण्याचा परवाना मालकाच्या भरवशावर चालत होता. मालकानं बेकरी विकली. नव्या मालकानं परवान्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही, आणि या भोळ्या सांबाला वाटलं, भट्टी पेटतेय म्हणजे सगळं सुरळीत आहे. मग देश सोडण्याची नोटीस आली, तेव्हा त्याचे डोळे उघडले.

वकीलबाई असलेच खटले लढणाऱ्या. त्यांनी वाट एकच सांगितली: नवरा गेला तर बायकोचे अतोनात हाल होतील, हे न्यायाधीशांना पटलं पाहिजे. नुसतं चुकल्याचुकल्यासारखं वाटणं त्यात धरत नाहीत.

"तर मावशी, ते गेले तर तुमचं कसं होईल?"

"निभावेन की."

"तुम्ही निभावलंत, तर ते विमानात बसले म्हणून समजा."

मावशी ओशाळली. काहीतरी करायचं म्हणून तिनं पाण्याच्या ग्लासाकडे हात नेला, तो ग्लासाला धडकला आणि टेबलभर पाणी झालं. वकीलबाईंनी कागद वाचवले, दुसरा ग्लास भरला आणि मुद्दाम तिच्या अगदी डावीकडे ठेवला. मावशी समोरच शोधत राहिली.

मग पोटातलं ओठावर आलं. तिला दोन्ही बाजूंचं आणि पायाखालचं दिसेनासं झालं होतं. हे वाढतच जाणार, यावर औषध नाही, असं डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. नवऱ्याला मात्र तिनं ताकास तूर लागू दिली नव्हती. त्याच्या मागे आधीच परवान्याचा घोर, त्यात आपली भर कशाला, हा तिचा हिशेब. मला विचाराल तर अगदी खुळा हिशेब.

वकीलबाईंनी डॉक्टरांचा दाखला मिळवला आणि बजावलं, हे आधी घरी सांगा, त्यांना कोर्टात कळायला नको. मावशी हो म्हणाली. रोज संध्याकाळी ती सांगायचं ठरवी आणि रोज "आणखी वाढू का?" एवढंच विचारी.

सुनावणीची खोली लहान होती. नवरा शेजारीच बसला होता, धुतलेल्या शर्टात. न्यायाधीशांनी तोच प्रश्न विचारला, आणि सवयीनं तिच्या तोंडून निघून गेलं, "होईल बरं."

वकीलबाईंनी डोळे मिटून घेतले. नवऱ्यानं मान खाली घातली. मावशीनं पूर्ण वळून ती खाली गेलेली मान पाहिली.

"नाही साहेब," ती म्हणाली. "बरं नाही होणार. माझी नजर जातेय. हे गेले तर मी घरातल्या घरात चाचपडत राहीन. मला फार भीती वाटते."

नवरा तिच्याकडे बघतच राहिला. पुढे वकीलबाई बोलल्या, दाखला दाखवला, न्यायाधीशांनी बरंच काही विचारलं. शेवटी त्याला राहण्याची परवानगी मिळाली. वकीलबाईंनी दोघांचं अभिनंदन केलं. मावशीनं हात जोडले. तो नुसता उभा होता.

बाहेर आल्यावर तो म्हणाला, "त्या साहेबांना सांगितलंस. मला नाही."

तो तरातरा जिना उतरू लागला. ती वरच कठडा धरून उभी राहिली. एरवी ती पायानं अंदाज घेत गुपचूप उतरली असती.

"अहो, थांबा," तिनं हाक मारली. "मला पायरी दिसत नाहीये."

तो मागे फिरला, वर आला आणि त्यानं तिचा दंड धरला, जरा जास्तच घट्ट. राग अजून नाकावर होता.

"आणखी काय काय दिसत नाही?" त्यानं विचारलं. "घरी पोचेपर्यंत सगळं सांग."

मावशी सांगू लागली.