धक्क्यावरची पाटी

ओहोटीच्या चिखलाचा वास आला, की अजूनही माझे पाय जड होतात. मी वर्ध्याजवळच्या पवनारची, सातवीत शाळा सुटलेली. लग्न होऊन या समुद्रकाठच्या गावात आले, तेव्हा शेजारणींसोबत ओहोटीला खाडीत तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, वेचायला जायची. पूर्वी गलबतं लागायची त्या दगडी धक्क्यावर परतताना प्रत्येकीने आपली पाटी ठेवायची आणि सगळ्या पाट्या आल्यावरच घरी निघायचं, अशी इथली रीत. त्या दिवशी वेचता वेचता मी पलीकडच्या वाळूच्या उंचवट्यावर गेले. हाका ऐकू आल्या, पण आभाळ तर कोरडं होतं. आमच्या धाम नदीला वर कुठे पाऊस झाल्याशिवाय पाणी चढत नाही, मग घाई काऊन करायची? वळून पाहिलं, तर धक्क्याच्या आणि माझ्या मधे भरतीचं पाणी पसरलेलं, आवाज न करता वाढणारं. दोन पावलांत ते कमरेला लागलं. तोंडून नुसतं "माय वं" निघालं. तेवढ्यात शेजारची काकी छातीभर पाण्यातून माझ्याकडे येताना दिसली. "पाण्याकडे नको बघू गो, माझ्याकडे बघ. ती पाटी सोड आधी." "मले पोहता येत नाई, काकी." "मला तरी कुठे येतं? हात दे." तिने मनगट असं आवळलं की बांगड्या फुटल्या. धक्क्यावर पोहोचल्यावर माझे दात वाजत होते. ती लुगडं पिळत म्हणाली, "तुझी पाटी दिसली नाही, म्हणून वळले." आता काकीचे गुडघे चालत नाहीत. तिच्या जागी धक्क्यावरच्या पाट्या मी मोजते, आणि शेवटची बाई वर येईपर्यंत माझी पाटी डोक्यावरून उतरत नाही, म्हणजे त्याआधी कुणी घरी निघणार नाही.