एकास एक ट्रान्सफॉर्मर

नंदकुमार,

चंडीगडच्या मराठी मंडळाच्या स्मरणिकेसाठी तुमच्यावर लिहायचं काम माझ्याकडे आलं आहे. तुम्हाला विचारलं असतं तर तुम्ही नको म्हणाला असतात, म्हणून विचारलं नाही. शहराबाहेर मुल्लानपूरच्या नव्या घराभोवती तुम्ही आंब्याची कलमं लावताय असं कळलं. लावा. पण एक आधीच सांगते, त्या धडाक्याची हकिकत मी गाळणार नाही. सज्जन माणूस, वेळेचा पक्का, आरतीला आवाज मोठा, एवढं तर मंडळातल्या निम्म्या लोकांबद्दल लिहिता येईल. आणि 'तुम्ही' आणि 'मी' करत बसले तर पानभर भांडणच होईल. म्हणून इथून पुढे तुम्ही नंदकुमार आणि मी शैलजाबाई. काही चुकलं असेल तर सरळ फोन करा, लिहून कळवत बसू नका.

नंदकुमार मूळचे मिरजेचे. कॉलेज अर्धवट टाकून एअर फोर्समध्ये गेले, तिथे रडारची दुरुस्ती शिकले आणि जोधपूर, तेजपूर, आदमपूर असं फिरत फिरत शेवटी चंडीगडला येऊन टेकले. पंच्याण्णव साली पेन्शन घेतली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता हे मिरजेला जाणार. नंदकुमारांनाही तसंच वाटत होतं. पण त्यांच्या पत्नी सुनेत्रा इथल्या शाळेत गणित शिकवत होत्या. त्यांनी स्वच्छ सांगितलं, "इतकी वर्षं तुमच्यामागून गावोगाव फिरले. आता तुम्ही माझ्यामागून एका गावात राहा."

नंदकुमार राहिले. वीस सेक्टरच्या बाजारात एक बूथ, म्हणजे छोटासा गाळा, घेतला आणि मॉनिटर दुरुस्त करायला बसले. दिवस तेव्हा बरे होते. देशाचे दरवाजे नुकते उघडले होते आणि बँक, ट्रॅव्हल एजंट, टायपिंगचे क्लास, जिकडे बघाल तिकडे कॉम्प्युटर येत होता. कॉम्प्युटर म्हणजे त्याचा तो काचेच्या नळीचा, पोटाने मोठा, उचलताना कंबर धरायला लावणारा मॉनिटर आलाच. उन्हाळ्यात एसी लागले की चंडीगडची वीज वरखाली व्हायची आणि दुसऱ्या दिवशी बूथच्या दारात मॉनिटरांची रांग. नंदकुमार निवांत म्हणायचे, "रडारचा पडदा काय अन् कॉम्प्युटरचा काय, नळी तीच की."

त्यांना खंत एकच होती. हातात नीट ऑसिलोस्कोप नव्हता. वायरीतली वीज कशी धावते त्याची लाट छोट्या पडद्यावर काढून दाखवणारं हे यंत्र. नोकरीत त्यांनी यातली उत्तमोत्तम यंत्रं वापरलेली, त्यामुळे बाजारातला साधा स्कोप त्यांच्या डोळ्यांत भरेना. शेवटी परवाणूला एका बंद पडलेल्या कारखान्याचा लिलाव होता, तिथून त्यांनी एक अगडबंब परदेशी स्कोप उचलून आणला. उचलून म्हणजे दोघांनी मिळून. बूथमध्ये जागा होईपर्यंत तो घरात दिवाणखान्यातच होता. सुनेत्रांनी त्याच्यावर क्रोशाचं कव्हर घातलं.

गणपतीच्या आरतीला शैलजाबाई त्यांच्याकडे गेल्या तेव्हा ते धूड त्यांना प्रथम दिसलं. शैलजाबाई विद्यापीठात बायोकेमिस्ट्री शिकवायच्या. यंत्रांशी त्यांचा रोजचाच संबंध.

"हे काय आहे?"

"ऑसिलोस्कोप, ताई. शंभर मेगाहर्ट्झचा!" नंदकुमारांनी कव्हर काढून दाखवलं.

"आणि तुमच्या मॉनिटरमध्ये मोजायला असतं किती?"

"तीस-चाळीस किलोहर्ट्झ. नव्या मॉडेलला जरा जास्त."

"म्हणजे भाजी तोलायला ट्रकचा काटा आणलात."

"पुढे लागेल की, ताई."

"पुढे लागेल म्हणून घेतलेल्या वस्तूंनी आमची एक अख्खी स्टोअररूम भरली आहे. या एकदा, दाखवते."

सुनेत्रा आतून प्रसादाची ताटली घेऊन आल्या. "सांगा, ताई, तुम्हीच सांगा. मी सांगून दमले." नंदकुमार हसले आणि त्यांनी कव्हर परत घातलं, आईने पोराला स्वेटर घालावा तसं.

पुढच्या जानेवारीत शैलजाबाईंच्या प्रयोगशाळेतलं जुनं यंत्र आंधळं झालं. क्युव्हेट नावाच्या काचेच्या छोट्या डबीतल्या द्रावणातून प्रकाश सोडून तो किती शोषला जातो ते मोजणारं यंत्र. दिवा चांगला, आतली मोजणी चांगली, फक्त अंगचाच असलेला छोटा हिरवा पडदा काळा पडला. पडद्यावर अक्षरं दिसली नाहीत तर यंत्राला हुकूम द्यायचा कसा? दुसरा मॉनिटर त्याला जोडता येत नव्हता. दिल्लीच्या एजंटला फोन केला तर तो म्हणाला, "मॅडम, वो मॉडल तो कब का बंद हो गया. नया ले लीजिए." नवं घ्यायचं म्हणजे समित्या, कोटेशन, सह्या, आणि दोन वर्षं.

हिमानीकडे दोन महिनेही नव्हते. हिमानी म्हणजे शैलजाबाईंची पीएचडीची विद्यार्थिनी, साताऱ्याकडच्या एका कर्नलची मुलगी. मराठी सगळं कळायचं, उत्तर हिंदीत द्यायची. मार्चमध्ये तिची फेलोशिप संपत होती. फ्रीजमध्ये महिनोन्महिने खपून तयार केलेली एन्झाइम होती, ती त्याहून जास्त टिकणार नव्हती. शेवटची रीडिंग बाकी होती आणि ती याच यंत्रावर घ्यायला हवी होती, नाहीतर आधीची सगळी पुन्हा घ्या. पोरगी रडत नव्हती, पण नुसती यंत्रासमोर जाऊन उभी राहायची. ते जास्त वाईट.

नंदकुमार आले. बरोबर अर्थातच तो स्कोप. दोन शिपायांनी तो धापा टाकत जिना चढवला.

"होईल ना?" शैलजाबाईंनी विचारलं.

"पक्का. नळीच आहे शेवटी."

यंत्राचं मागचं झाकण त्यांनी काढलं. नळीत साठलेली वीज कशी उतरवायची हे त्यांना झोपेतही आलं असतं. सगळ्यांना लांब उभं करून ती उतरवली. आता स्कोपची काळी चिमटी कुठेतरी अर्थला लावायची, म्हणजे जमिनीशी जोडलेल्या भागाला, आणि मग एकेका ठिकाणी लाट बघत जायचं. विमानात काय असतं, अख्खा सांगाडा म्हणजे अर्थ. चकचकीत धातू दिसला की बेलाशक चिमटी लावा. हाताला पडलेली ही सवय. पडद्याच्या मागे वीजपुरवठ्याचा भाग होता, त्यात पंख फुटल्यासारखी एक छान, जाड ॲल्युमिनियमची पट्टी उभी होती. नंदकुमारांनी तिला चिमटी लावली आणि बटण दाबलं.

धाड!

निळी ठिणगी, जळका वास, आणि सगळ्या मजल्याचे दिवे गेले. कॉरिडॉरमधून कोणीतरी ओरडलं, "ओए, बत्ती किन्ने बुझाई?" नंदकुमार हातात उरलेली वायर धरून तसेच उभे होते. चिमटीचे दात वितळून गेले होते.

"तुम्हाला लागलं का?" शैलजाबाई.

"नाही."

"यंत्र?"

नंदकुमारांनी आधी यंत्राचा प्लग काढला. काय झालं ते त्यांना तोपर्यंत कळून चुकलं होतं. ती पट्टी अर्थ नव्हतीच. बनवणाऱ्याने एका ट्रान्सफॉर्मरचा खर्च वाचवला होता आणि तो सगळा भाग थेट भिंतीतल्या विजेवर तरंगत होता. त्यांनी आपल्या हाताने भिंतीतली वीज जमिनीला टेकवली होती. टीव्ही दुरुस्त करणारा कोणी ही चूक करत नाही. ही चूक करायला इतकी वर्षं विमानात काढावी लागतात.

"आत्ता लगेच पुन्हा बघणार का?"

"नाही, ताई. आज हात लावायची भीती वाटते."

"हे सरळ सांगितलंत, बरं केलंत. घरी जा, डोकं थंड करा. पण उद्या या. तोंड लपवून बसलात तर मी बूथवर येईन."

हिमानी तेवढ्यात हळूच म्हणाली, "मॅम, वो पहले भी बंद था, अब भी बंद है. फर्क तो नहीं पड़ा ना?" नंदकुमारांना ते ऐकवेना. फरक पडला असला तर त्यांच्यामुळेच. काल ते नुसतं आजारी होतं, आज कदाचित मेलेलं असेल.

घरी सुनेत्रांनी ताट वाढलं तर दोन घासांत उठले. "टीव्हीवाले एक ट्रान्सफॉर्मर ठेवतात टेबलाखाली," ते म्हणाले. "आत जेवढी वीज तेवढीच बाहेर, फक्त दोन्हीकडच्या तारा एकमेकींना शिवत नाहीत. मग चिमटी कुठेही लावा, धोका नाही. मी हसायचो त्यांना."

"मग आता हसणं झालं असेल तर घेऊन या एक," सुनेत्रा म्हणाल्या. "त्या पोरीचं वर्ष आहे ते."

चंडीगडात व्होल्टेज सुधारणारे स्टॅबिलायझर गल्लोगल्ली मिळत, पण एकास एक ट्रान्सफॉर्मर तयार मिळेना. मनीमाजऱ्याला अजैब सिंग नावाचे सरदारजी वाइंडिंगचं काम करत. नंदकुमार त्यांच्याकडे जाऊन बसले.

"दो सौ बीस अंदर, दो सौ बीस बाहर," त्यांनी सांगितलं.

अजैब सिंगांनी चष्म्यावरून पाहिलं. "बाऊजी, जितना डालना उतना ही निकालना है, तो तार सीधी जोड लो."

"तार जुडनी ही नहीं चाहिए. बीच में कोई रिश्ता नहीं."

"रिश्ता कोई नहीं, ते बिजली पूरी? ऐसा तो मेरा साला भी नहीं देता."

"बना दोगे ना?"

"बना तो दूँगा, पर अपना लेबल नहीं लगाऊँगा. लोग कहेंगे, अजैब सिंग ने ऐसी चीज बनाई जो कुछ करती ही नहीं."

पण दुपारपर्यंत बनवून दिला, आणि झकास. घट्ट, गुणगुणही न करणारा. नंदकुमार तो स्कूटरवर पायांत ठेवून प्रयोगशाळेत आले. या वेळी 'पक्का' म्हणाले नाहीत. खुर्ची ओढून काट्याच्या जुन्या मीटरने एकेक भाग तपासत बसले. फ्यूज उडाला होता आणि एक डायोड जळला होता, ते दोन्ही बदलले. स्कोपच्या दोन वाटांपैकी, म्हणजे चॅनेलांपैकी, एक कायमची बंद झाली होती, दुसरी शाबूत होती. आता खरी परीक्षा. त्यांनी यंत्राच्या वायरीत एक साधा शंभरचा बल्ब जोडला. आत कुठे काही जळून चिकटलं असेल तर हा बल्ब भक्कन पेटून तसाच राहणार. बरं असेल तर क्षणभर उजळून मंद होणार. हे त्यांनी शैलजाबाईंना आणि हिमानीला नीट सांगितलं आणि मग त्यांना वाटलं, सांगितलं नसतं तर बरं झालं असतं. आता तिघंही बल्बकडेच बघणार.

बटण दाबलं. बल्ब लख्ख पेटला. हिमानीने शैलजाबाईंचा दंड धरला. मग बल्ब हळूहळू लाल झाला, आणि इतका मंदावला की आतली तार तेवढी दिसावी.

"जिवंत आहे," नंदकुमार म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले. एवढा वेळ ते टोकावर बसले होते हे त्यांनाही आत्ता कळलं.

"मग पडदा काळा का?" शैलजाबाईंना दम कुठला.

"ताई, तो मूळचा आजार. कालचा माझा वेगळा. माझा बरा झालाय, एवढं तर सुखाने घेऊ द्या."

मूळचा आजार सापडायला वेळ लागला नाही. बल्ब काढून त्यांनी स्कोप जोडला. जिथे सरळ रेघ दिसायला हवी तिथे करवतीचे दात दिसत होते. एक कपॅसिटर आतून सुकला होता. मीटरवर तो धडधाकट दिसत होता, काम करायची वेळ आली की हात वर करत होता. असले शैलजाबाईंच्या डिपार्टमेंटमध्येही होते. बावीस सेक्टरमधून नंदकुमार स्वतः नवा घेऊन आले, डाग दिला, बटण दाबलं. बारीक शिट्टीसारखा आवाज आला आणि काळ्या काचेवर एक हिरवा ठिपका लुकलुकायला लागला. मग ओळी आल्या.

"आ गया! आंटी, मतलब मॅम, आ गया!"

"दिसतंय. पहिली क्युव्हेट लाव. नाचायचं नंतर." शैलजाबाई असं म्हणाल्या खऱ्या, पण त्यांनी चष्मा काढून पुसला आणि काही वेळ हातातच ठेवला. नंदकुमारांनी चहा मागितला आणि म्हणाले, "साखर जरा जास्त घाला. कालपासून तोंडाची चव गेली होती."

चहा पितानाच ठरलं. स्कोपची एक वाट गेली होती, तेव्हा नंदकुमारांना आता कामापुरता, बेताचा स्कोप हवा होता. शैलजाबाईंच्या डिपार्टमेंटलाही एक घ्यायचा होता. दिल्लीला दोघांनी मिळून जायचं, शनिवारी सकाळच्या शताब्दीने. "दुकानात मी प्रश्न विचारीन," शैलजाबाईंनी बजावलं, "काय मोजायचं, किती बारीक, कशावर. तुम्ही उत्तरं द्यायची. आणि चकचकीत दिसलं म्हणून हात लावायचा नाही."

"नाही लावणार, ताई. तुमची शपथ."

तो शनिवार हिमानीच्या रीडिंगमध्ये गेला. यंत्र नीट चालत होतं, मग ते सोडून दिल्लीला कोण जाणार? पुढचा तिच्या थिसिसच्या बाइंडिंगमध्ये गेला. सुनेत्रांच्या शाळेच्या परीक्षा आल्या, मग शैलजाबाईंचं सेमिनार आलं. तोवर गल्लोगल्ली सायबर कॅफे निघाले आणि बूथवर इतके मॉनिटर येऊन पडले की नंदकुमारांना मान वर करायला फुरसत मिळेना. एका वाटेच्या स्कोपवर त्यांचं भागत होतं. हिमानी डॉक्टर होऊन बंगलोरला गेली. विद्यापीठाने कुठूनतरी एक स्कोप परस्पर घेतला, तो चांगला निघाला, त्यामुळे तेही निमित्त गेलं. मग चपटे पडदे आले आणि नळीचं कामच संपलं.

दर गणपतीत आरती झाली की नंदकुमार विचारायचे, "ताई, दिल्ली?" शैलजाबाई म्हणायच्या, "तिकिटं काढा." तिकिटं त्यांनी काढली नाहीत आणि बाईंनीही काढली नाहीत.