कारध्याची ढोली

"अजून थोडी तिरपी घ्या!" मी ओरडलो. चौघांनी धानाची ढोली तिरपी घेतली. ती दाराच्या चौकटीला टेकली आणि थांबली. माझी माणसं माझ्याकडे बघत होती, मी दाराकडे. बाहेर ट्रकवाला हॉर्न वाजवत होता. त्याला त्याच गाडीत नागपूरहून आणखी एक घर भरायचं होतं. याला आम्ही पार्ट लोड म्हणतो. दोन घरं, एक ट्रक, आणि सगळ्यांचीच घाई.

मी पॅकर्स-मूव्हर्समध्ये सर्व्हेअर आहे. म्हणजे शिफ्टिंगच्या आधी तुमच्या घरी येतो, चहा पितो, सामान बघतो आणि ते ट्रकमध्ये किती घनफूट जागा खाईल ते सांगतो. हे टेपनं मोजायचं असतं. मी नजरेनं मोजतो. टेप खिशात असते, ऐटीसाठी.

घर होतं कारध्याचं. भंडाऱ्याहून वैनगंगेचा पूल ओलांडला की आलंच. काका जिल्हा परिषदेतून रिटायर. मुलगा प्रशांत पुण्यात. त्यानं मोठा फ्लॅट घेतला आणि आईबाबांना कायमचं बोलावलं. काका तयार. काकूंची मात्र एक अट होती. ती त्यांनी सर्व्हेच्या दिवशी माझ्यासमोरच मांडली.

"माही ढोली आली तं मी येईन. नाही आली तं मी बी नाही."

ढोली म्हणजे बांबूच्या कमच्यांची विणलेली, शेणामातीनं लिंपलेली धानाची कोठी. मागच्या खोलीत उभी होती. माझ्यापेक्षा उंच, पोट माझ्यासारखंच सुटलेलं.

"पुण्यात कोणतं धान ठेवसान तिच्यात?" काका वैतागले.

"ठेवीन मी काय ठेवाचं ते. हा बाबू नेते का नाही, तेवढं इचारा त्याले."

प्रशांतचा फोन स्पीकरवर होता. प्रशांत म्हणाला, "दादा, काहीही करा, पण ढोली आणा. आई त्याशिवाय हलणार नाही."

आमच्या धंद्यात एक नियम आहे. जे दारातून आत आलं, ते दारातून बाहेर जातं. कपाट असो, दिवाण असो, फक्त कोन सापडला पाहिजे. मी ढोलीवर थाप मारली.

"काकू, बिनधास्त राहा. तुमच्या आधी ढोली पुण्यात पोचते."

काकूंनी मला दुसऱ्यांदा चहा आणला. सोबत चिवडा. मला वाटलं, माणसाच्या कामाची कदर असावी तर अशी.

आणि आता हा शिफ्टिंगचा दिवस. बाकीचं घर दुपारपर्यंत ट्रकमध्ये गेलं होतं. राहिली ढोली. आधी दाराची फळी काढली. नाही निघाली. आडवी केली. नाही. खिडकी बघितली, ती तर दाराहून बारीक. काका संध्याकाळच्या गाडीची तिकिटं खिशात घेऊन अंगणात येरझाऱ्या घालत होते. "चौकट काढा!" ते म्हणाले. छिन्नी लावली. चौकट निघाली, तिच्यासोबत टोपलंभर प्लास्टर निघालं. ढोलीचं पोट होतं तिथंच.

नागपूरहून शेठचा फोन. "ड्रायव्हर सांगते, तू भिंत पाडून राहिला म्हणून?"

"भिंत नाही शेठ. चौकट."

"आपण घर हलवतो बे, पाडत नाही!"

फोन ठेवतो तोच प्रशांतचा, तो स्पीकरवर टाकला. निघाली का? आमच्यातला एक जण हळूच म्हणाला, "मधातून कापू ना. पुण्यात जोडून घेतील."

"काप," काकू म्हणाल्या. "मंग ते ढोली नाही राहात. दोन टोपले होतेत."

तेव्हा माझं काकूंकडे लक्ष गेलं. त्या भांड्यांच्या खोक्यावर बसून शांतपणे सुपारी कातरत होत्या. अख्ख्या घरात न तळमळणारं एकच माणूस. घामाघूम होऊन मी त्यांच्यापुढे उकिडवा बसलो. जो प्रश्न सर्व्हेच्या दिवशी विचारायचा, तो आता विचारला.

"काकू, ही आत आली कशी?"

"आत? ते कधी आत आलीच नाही. बुरड या खोलीतच बसला होता. कमच्या आत आल्या. ढोली इथंच झाली."

माझा नियम तिथंच आडवा झाला.

"मग त्या दिवशी काहून नाही सांगितलं?"

"तू इचारलं का?"

फोन चालूच होता. पलीकडून प्रशांतचा आवाज आला, एकदम लहान झालेला. "आई, तुला यायचंच नव्हतं का?"

"येईन ना बाबू. दिवाळीले येईन, पाव्हणी म्हणून. कायमची नाही. कितीकदा म्हटलं तुमाले! बापलेकाले 'नाही' ऐकू येत नाही, अट ऐकू येते. मंग घातली अट."

आता काका भडकणार, म्हणून मी छिन्नी बाजूला ठेवली. काकांनी खिशातली तिकिटं काढून खिडकीत ठेवली. मग माझ्याकडे वळले.

"माही आरामखुर्ची ट्रकात खालती हाय का वरती?"

"वरती."

"मंग तेच पयले उतरवा."

सामान भरायला जेवढा वेळ लागला, त्याच्या निम्म्या वेळात उतरलं. पुण्याला गेली फक्त प्रशांतची पुस्तकं आणि त्याचं जुनं टेबल. ट्रकवाला शिव्या देत नागपूरला गेला. शेठनं मला काही दिवस गोदामात खोकी बांधायला बसवलं. चौकट मी सुतार आणून बसवून दिली. त्या दिवशी काकूंनी चहा दिला, एकदाच. चिवडा नव्हता.

आता मी सर्व्हेला गेलो की टेप बाहेर काढतो. आधी दार मोजतो, मग वस्तू. प्रत्येक मोठ्या वस्तूपाशी थांबून विचारतो, ही आत आली कशी? लोक हसतात. हसू देत.

आणि घरच्या बाईनं न मागता दुसरा चहा आणला, की मी तो पितो, पण कबूल काहीच करत नाही.