डाव्या कोपऱ्यातला हात

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नव्हे. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच, आणि तिथंही पेपर सोडून फारसं काही लिहिलेलं नाही. ज्याच्याबद्दल हे आहे, त्यानं माझ्यापेक्षा चांगलं सांगितलं असतं. पण तो बरेच महिने कुणाशी बोलत नव्हता, म्हणून मी धाडस करतोय.

मी ताथवड्याला इंजिनिअरिंग शिकतो आणि एका व्यावसायिक कबड्डी संघाच्या नवोदितांच्या तुकडीत खेळतो. मानधन मिळतं, म्हणून घरच्यांनी खेळू दिलं. निवड झाली तेव्हा आम्ही सगळेच मातीवर खेळलेले, मॅटवर पाय ठेवलेला कुणीच नव्हता. आमच्या प्रशिक्षक सरांनी मला आणि चाकणकडच्या एका मुलाला जोडीनं उभं केलं. तो डाव्या कोपऱ्यात, मी त्याच्या आतल्या बाजूला. चढाई करणारा समोर आला की जोडीदाराचा उजवा हात माझ्या डाव्या हातात. ही आमची साखळी.

आम्हाला वाटलं, आता पकडी शिकवतील. सरांनी नुसतं हात धरून चालायला लावलं. मॅटवर पुढं, मागं, तिरकं. ते झालं की मैदानाला फेऱ्या, आणि पाणी प्यायलाही तसंच जायचं. असे कितीतरी आठवडे गेले. शिफ्ट सुटलेली माणसं कंपाउंडच्या भिंतीवर बसून मजा बघायची.

"काय राव, साखरपुडा झाला का?"

"झाला की!" माझा जोडीदार ओरडायचा. "तुमाला बोलावलं न्हाई व्हय? आवं, बासुंदी व्हती!"

एक दिवस मात्र तो वैतागला. "सर, हात धराया येतं की आमाला. पकड कदी शिकवनार?"

सर कधी आवाज चढवत नसत. "धरायला सगळ्यांनाच येतं," ते म्हणाले. "सोडायचं कधी, ते शिकतोय आपण. चला, पुन्हा."

कोपऱ्यातला खेळाडू घोट्यावर झेप घेतो तेव्हा त्याला हात सोडवून घ्यावा लागतो. त्याची बोटं सुटली की आतल्यानं मागोमाग शिरायचं. डोळ्यांनी बघून शिरायला गेलं तर उशीर होतो. ते तळव्यालाच कळावं लागतं. मला हळूहळू कळायला लागलं. आधी त्याची तर्जनी सैल व्हायची, मग मधली बोटं, सगळ्यात शेवटी करंगळी. चुकलं तरी सर म्हणायचे "पुन्हा", जमलं तरी "पुन्हा".

पहिल्याच मोठ्या सामन्यात ती बोटं सुटली आणि मी शिरलो. पकड अगदी सरांनी शिकवली तशी झाली. बाकीचे आमच्यावर येऊन पडले. शिट्टी वाजली, सगळे उठले, तो उठला नाही. त्याची मान एकीकडं आणि खांदा दुसरीकडं ओढला गेला होता.

"माझा हात कुठंय रं?" तो म्हणाला.

हात त्याच्या पोटावरच होता. मीच उचलून ठेवला होता.

मानेतून हातात येणाऱ्या नसा खेचल्या गेल्या होत्या. ऑपरेशन झालं. आता वाट बघायची, असं डॉक्टर म्हणाले. मी घरी भेटायला गेलो तर तो भिंतीकडं तोंड करून पडलेला. "निजलाय," त्याची आई म्हणाली. तो जागा होता, ते आम्हा दोघांनाही दिसत होतं. तिनं मला दारापर्यंत सोडलं. "हात हाय रं जाग्यावर. पर त्यो म्हनतो, हातात कुनी ऱ्हात न्हाई."

तेव्हापासून माझ्या तळव्यात ती बोटं सुटतात. लेक्चर चालू असताना सुटतात, बसमध्ये दांडी धरली की सुटतात. तर्जनी, मधली बोटं, करंगळी. आणि माझं अंग आपोआप पुढं जातं. एकदा प्रॅक्टिकलला मी टेबलावर जाऊन आदळलो. मुलं हसली, मीही हसलो. आईला सांगितलं तर तिनं काही न विचारता तळव्याला तेल चोळून दिलं.

सरांनी कोपऱ्यात नवा मुलगा आणला. त्याचा हात मला धरताच येईना. तो जागचा हलायच्या आधीच मला ती दुसरी बोटं सुटल्यासारखी वाटायची आणि मी साखळी तोडून पुढं धावायचो. मला वाटलं, आता सर काढून टाकतील. त्यांनी नव्या मुलाला कडेला बसवलं आणि दुखऱ्या गुडघ्यांनी ते स्वतः कोपऱ्यात उभे राहिले. हात पुढं केला. कोरडा, खरबरीत हात. असं रोज चाललं.

"मला काढा सर," मी एकदा म्हटलं. "माझ्यापायी सगळे खोळंबलेत."

"खोळंबू देत. पुन्हा."

दर रविवारी सर चाकणला जायचे. माझ्या जोडीदाराच्या खोलीचं दार बंद असायचं. ओट्यावर त्याच्या वडिलांसोबत चहा घेऊन परत यायचे. हात येतोय का, एवढंच मी सोमवारी विचारायचो. सर नकारार्थी मान हलवायचे. कोपऱ्यातली जागा त्याचीच आहे, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. नवा मुलगासुद्धा.

गेल्या सोमवारी सर नेहमीसारखे कोपऱ्यात उभे राहिले. मी हात धरला. ते चालायला लागले नाहीत.

"काल दार उघडलं त्यानं," ते म्हणाले. "खांदा हलतोय. कोपरही थोडं वळतंय."

"आणि बोटं?"

सरांनी माझा हात तसाच धरून ठेवला. कडेला बसलेल्या नव्या मुलाला मानेनं जवळ बोलावलं. मग म्हणाले, "बोटं येणार नाहीत. डॉक्टरांनी त्याला तसं स्पष्ट सांगितलंय. जागा रिकामी ठेवू नका, म्हणाला."