जानकीचं न पुसलेलं स्थळ

आमच्या ऑफिसात जानकीला सगळे खोडरबर म्हणतात. नाव मीच ठेवलंय, त्यामुळे शिव्याही मलाच बसतात. अंधेरी पूर्वेला, मरोळच्या एका जुन्या औद्योगिक इमारतीत आमची लहानशी कंपनी आहे. वेबसाइटवर शोधायचा जो चौकोन असतो ना, त्यात शब्द टाकला की चटकन उत्तरं यावीत, हे आमचं काम. गिऱ्हाईकंही अशीच, एक औषधांचा घाऊक व्यापारी, एक पुस्तकांचं दुकान, एक वधू-वर सूचक केंद्र. नवीन माल सर्चमध्ये घालायला सगळे पुढे. जुना माल सर्चमधून काढायचा म्हटलं की प्रत्येकाला चहा आठवतो. मग ते काम जानकीकडे जातं.

कारण काढणं दिसतं तितकं सोपं नसतं. तुमच्या बिल्डिंगखाली नावांची पाटी असते बघा. नाईक घर विकून विरारला गेले तरी पाटीवर नाईक राहतातच, आणि कुरिअरवाला वर जाऊन बेल मारत बसतो. सर्चचा इंडेक्स म्हणजे ती पाटी. घर वेगळं, पाटी वेगळी. घर रिकामं झालं म्हणून पाटीवरचं नाव आपोआप जात नाही, आणि पाटीवरचं नाव पुसलं म्हणून घरातलं माणूस जात नाही.

जानकीचा तर कशावर विश्वासच नाही. मशीनने 'काढलं' असं उत्तर दिलं तरी ही बाई नाव टाकून बघणार, थेट लिंक उघडून बघणार आणि वर म्हणणार, "उद्या सकाळी परत बघू." मी एकदा वैतागून म्हटलं, "अगं, नवऱ्यावर तरी विश्वास ठेवतेस, की त्यालाही रोज सकाळी परत बघतेस?" तर हसत म्हणाली, "नवरा आणि बाप, दोघंच. बाकी सगळं तपासून."

तिचा बाप म्हणजे अण्णा धुरी. देवगडकडचे, आता मुलुंडला. आजोबा गिरणीत होते, अण्णांनी भांडुपच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळलं. जानकी कॉलेजात असताना आई गेली, तेव्हापासून अण्णाच सकाळी उठून तिचा डबा करायचे. त्यांच्या हातची बांगड्याची कढी मी खाल्लीय, अजून आठवते. नवरा भीमराज वानखडे, अकोल्याकडचं बौद्ध घर, दोन पिढ्या घाटकोपरला. एका दवाखान्यात एक्स-रे काढतो. त्या दवाखान्याच्या रिपोर्टांचं सर्च आम्ही केलं, तिथे यांचं जमलं.

जानकीने घरी सांगितलं तेव्हा अण्णा काही दिवस बोललेच नाहीत. मग एका रविवारी स्वतः बाजारात जाऊन पापलेट घेऊन आले आणि म्हणाले, "बोलव तेका जेवूक." बस्स, एवढंच. ना आरडाओरडा, ना रडारड. लग्नात बुद्धवंदना चालू होती तेव्हा कोट घालून पहिल्या रांगेत हात जोडून बसले होते. भीमराजला जावईबापू म्हणायचे. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला त्यानेच नेलं, डोळ्यांत थेंबही रोज संध्याकाळी येऊन त्यानेच घातले.

मला हेवा वाटायचा, खरं सांगते. माझ्या घरी मी असाच एक विषय काढला होता तेव्हा काय तमाशा झाला! तो विषय तिथेच संपला, मुलगाही सोडून गेला. तेव्हा मी माझ्या बाबांना तोंडावर सुनावलं होतं, "जानकीच्या अण्णांकडून काहीतरी शिका." म्हणजे बघा, मी त्या माणसाचं नाव घेऊन माझ्या घरात भांडले.

दिवाळीनंतर रुचिराताईंचा फोन आला. या विलेपार्ल्याला वधू-वर सूचक केंद्र चालवतात. बोलायला लागल्या की मधे श्वास नाही. "काय चाललंय काय तुमचं? मुलाच्या आईने तुमच्या त्या सर्चमधून मुलगी निवडली, फोन लावला, तर फोन मुलीच्या सासूने उचलला! लग्न होऊन पोर झालंय तिला! मला काय काय ऐकावं लागलं, काय सांगू!"

जानकी कामाला लागली. गडबड लवकरच सापडली. रुचिराताईंच्या केंद्रात जुनी मंडळी नोंदणी क्रमांक मराठी आकड्यांत टाइप करत होती. लग्न जमलं की वेबसाइट तोच क्रमांक इंग्रजी आकड्यांत करून सर्चला सांगायची, हे स्थळ काढ. सर्चला असा क्रमांक दिसायचाच नाही. तसं ते सांगतही होतं बिचारं, 'सापडलं नाही', पण आमच्या कोडने ते उत्तर कधी वाचलंच नव्हतं. जानकीने दुरुस्ती केली आणि लग्न झालेली स्थळं सर्चमधून काढली. चांगला ढीग निघाला.

मग आली टेस्टिंगची वेळ. आमच्या धंद्यात टेस्ट करताना जो तो आपल्या गावाचं नाव टाकतो, का ते विचारू नका. जानकीने 'देवगड' टाकलं. आणि स्क्रीनवर कोण आलं? कुमारी जानकी धुरी, अविवाहित, मुलुंड.

मी तर हसून हसून बेजार. "जानके, अजून स्थळं बघतेस होय? भीमराजला सांगू का?" ती पण हसली. म्हणाली, "अगं, अण्णांनी नोंदवलं होतं, भीमराज भेटायच्या आधी. राहून गेलेलं दिसतंय यातच." तिने स्वतःच्या हाताने स्वतःला काढलं. नाव टाकून बघितलं, लिंक उघडून बघितली. गेलं होतं. तरी सवयीने म्हणालीच, "उद्या सकाळी परत बघू."

सकाळी बघितलं, तर कुमारी जानकी धुरी हजर.

पुन्हा काढलं. पुन्हा दुसऱ्या सकाळी हजर. आता मात्र जानकी हसेना. ती मला समजावत होती की स्वतःला, कोण जाणे. "मीरा, काढणं बरोबर चाललंय. पण रोज पहाटे केंद्राच्या मूळ नोंदींतली जी स्थळं चालू आहेत, तेवढी सर्चमध्ये परत भरली जातात. मी पाटी पुसतेय गं, पण घरात माणूस आहे. हे स्थळ बंदच झालेलं नाही."

मग तिने पहिल्यांदा ते स्थळ नीट उघडून वाचलं. इतके दिवस यादीतला नखाएवढा फोटोच बघत होतो आम्ही. नोकरी आमच्या कंपनीतली. पगार यंदाचा, वाढीनंतरचा. अपेक्षा, 'मुलगा स्वजातीय, कोकणातला असावा.' आणि फोटो मोठा झाला तेव्हा जानकीने खुर्ची मागे सरकवली. आमसुली साडी, मागे अण्णांच्या घरची हिरवी भिंत.

"हा फोटो यंदाच्या गणपतीतला आहे," ती म्हणाली. "भीमराजने काढलाय."

गणपतीच्या दुसऱ्या दिवशी अण्णांनीच जावयाला सांगितलं होतं, "जानकीचो एक बरोसो फोटो काढ रे, भिंतीर लावतंय." भीमराजने काढला आणि अण्णांना पाठवला. भिंत अजून रिकामी आहे.

मी म्हटलं, काहीतरी घोळ असेल, आधी रुचिराताईंना विचार. तिने फोन लावला. ताईंना पत्ताच नव्हता की बोलणारी जानकी तीच. त्या आपल्या नेहमीच्या पट्टीत सुरू. "छे छे, ते नाही काढता येणार. आमच्याकडे स्थळ मुलीचं नसतं, पालकांचं असतं. ज्यांनी नोंदवलं त्यांनाच बंद करता येतं. दर दिवाळीत आम्ही प्रत्येक पालकाला स्वतः फोन करतो, चालू ठेवू की बंद करू. धुरीकाका ना? किती सज्जन माणूस! दरवर्षी म्हणतात, चालू ठेवा. यंदा तर फोटो घेऊन स्वतः आले होते, एवढ्या उन्हात."

जानकीने "बरं" म्हटलं आणि फोन ठेवला. तिचा चेहरा बघून मला भीती वाटली. माझं डोकं फिरलं होतं, मी तोंडाला येईल ते बोलत होते. ती एवढंच म्हणाली, "भीमराजला कळायच्या आत हे बंद झालं पाहिजे. त्याला कळलं तर तो पुन्हा त्या घरात पाऊल टाकणार नाही. आणि मला त्याला टाक म्हणताही येणार नाही." मग म्हणाली, "रविवारी चल माझ्याबरोबर. एकटी गेले तर नुसती रडेन."

रविवारी दुपारी मुलुंडला गेलो. अण्णांनी सोलकढी केली होती. जानकीने पर्ससुद्धा खांद्यावरून काढली नाही. मोबाइलवर ते स्थळ उघडून त्यांच्यापुढे धरलं. अण्णांनी चष्मा लावला, बघितलं, चष्मा काढून पुसत बसले.

"एक दार उघडा रवांदे, इतक्याच म्हटलंय मी," ते म्हणाले. "उद्या काय बिनसला तर? बापाक भ्या वाटता गो."

जानकी अण्णांशी नेहमी मालवणीत बोलते. चिडली की ती मालवणी सोडते. "भीती कसली? त्याने तुमच्या डोळ्यांत रोज थेंब घातले, अण्णा. माझ्याआधी तुम्ही त्याला फोन करता. काय वाईट दिसलं तुम्हाला त्याच्यात?"

"माणूस बरो आसा. माणसाबद्दल माझा काय म्हणणा नाय."

"मग कशाबद्दल आहे?"

अण्णा टीव्हीकडे बघायला लागले. टीव्ही बंद होता. मला माझ्या बाबांची आठवण आली. ते निदान तोंडावर बोलले होते, जात काढून बोलले होते, आणि मी त्यांना सोडलं नव्हतं. हा माणूस मात्र पापलेट वाढत राहिला आणि दर दिवाळीत फोनवर 'चालू ठेवा' म्हणत राहिला. मला जोरात ओरडावंसं वाटलं, पण घर माझं नव्हतं.

"मला अविवाहित लिहिलंत," जानकी म्हणाली. आता आवाज फुटला होता. "म्हणजे माझं लग्न झालंच नाही तुमच्यासाठी. तुम्ही हात जोडून बसला होतात ना तिथे? कोणासाठी बसला होतात?"

"तू रडाचा नाय म्हणान," अण्णा हळूच म्हणाले.

तिने त्यांच्याच मोबाइलवरून रुचिराताईंना फोन लावून त्यांच्या हातात दिला. अण्णांनी शुद्ध मराठीत, ऑफिसात बोलावं तसं सांगितलं, "मुलीचं लग्न झालंय. बंद करा." पलीकडून ताईंनी अभिनंदन केलं. मुलगा कुठला, काय करतो, विचारत असणार. अण्णांनी "हो, हो" करत फोन ठेवून दिला. 'जेवन जावा' म्हणाले. जानकी चपला घालायला लागली होती.

जिन्यात ती म्हणाली, "उद्या सकाळी परत बघू." मला आधी कळलंच नाही ती कशाबद्दल बोलतेय. मग कळलं, आता ती बापालाही तपासून बघणार होती.

सोमवारी तिने ऑफिसात आल्या आल्या बघितलं. नाव टाकलं, गाव टाकलं, लिंक उघडली. काही नाही. स्थळ गेलं होतं. मी म्हटलं, "सुटलीस गं बाई, चल, चहा पाजते." तेवढ्यात भीमराजचा फोन आला. ती दुसऱ्या कामाचं टाइप करत होती म्हणून स्पीकरवर घेतला.

"ऐक ना," तो खुशीत होता, "अण्णांसाठी तो गणपतीतला फोटो फ्रेम करून घेतला. मोठा. म्हातारा काही स्वतः करणार नाही, भिंत तशीच आहे. संध्याकाळी जाऊन लावून येतो. खिळा, हातोडी सगळं घेतलंय."

जानकीचे हात की-बोर्डवर तसेच राहिले. मी खुणेने म्हटलं, काहीतरी सांग, नंतर जाऊ म्हण. तिने माझ्याकडे बघितलं आणि नकारार्थी मान हलवली.

"नको नेऊस," ती म्हणाली. आणि मग तिने त्याला सांगितलं. दिवाळीचे फोन, अविवाहित, स्वजातीय, फोटो कुठे गेला ते. एकही गोष्ट मऊ केली नाही, वडिलांची बाजू घेतली नाही. स्पीकर बंद करायचंही तिला सुचलं नाही, मी उठून केबिनचं दार लावून घेतलं.

पलीकडे रस्त्याचे हॉर्न वाजत होते. मला वाटलं, आता हा शिव्या देईल. द्यायला हव्या होत्या.

"फोटोच्या आधी साडी त्यांनीच बदलायला लावली होती तुला," भीमराज म्हणाला. "आणि मला म्हणाले, हसरो काढ. तू हसतच नव्हतीस गं. मी कॅमेऱ्यामागून माकडचाळे केले, तेव्हा कुठे हसलीस."