भिंतीवर नसलेली पारूआक्का

पारूआक्का माणसाच्या तोंडाकडे कधी बघायची नाही. तुम्ही बोलत असलात की तिची नजर तुमच्या पायांवर, खांद्यावर, पागोट्याच्या पिळावर. लग्न होऊन मी मुळशी खोऱ्यातल्या त्या गावात आले, तेव्हा या शेजारणीने मला उंबऱ्यावरच असे न्याहाळले आणि सासूबाईंना म्हणाली, "डावा खांदा वर धरून चालतीया. हिला काढायला सोपं हाय."

काढायला म्हणजे भिंतीवर. आमच्याकडे दिवाळीआधी दर्शनी भिंतीला पांढरी माती देऊन वर गेरूने घरातली माणसे काढत. जितकी जिवंत माणसे तितक्याच आकृत्या. गावातल्या साऱ्या भिंती पारूआक्काच काढी. नाकडोळे नसत, तरी वीतभर आकृती पाहून कोण ते शेंबडे पोरही सांगे. तिच्या घरी मात्र तिची जाऊ तिला काढी. काढणारीने स्वतःला काढायचे नाही, अशी रीत होती.

धरणाची बातमी आली आणि गाव दुभंगले. काहींनी जमिनीच्या कागदावर अंगठे दिले, आमच्यासारख्यांनी दिले नाहीत. सोयऱ्यासोयऱ्यांत बोलणे बंद झाले. तेव्हा पारूआक्काने चावडीच्या भिंतीवर धरणाच्या पायासाठी खणलेल्या चरात ठाण मांडून बसलेली माणसे काढली, अंगठा न देणारी सगळी, ओळीने. "तोंडानं न्हाई म्हनून काय हुतंय? भिताडावर बसलेला मानूस उठत न्हाई," ती म्हणाली. आम्ही हौसेने आपापले माणूस शोधत बसलो. आपण काय करून ठेवले, हे कोणाच्याच ध्यानात आले नाही.

शिपाई आले. धरणाचे काम अडवणाऱ्यांची नावे त्यांना कोणी सांगत नव्हते. जमादाराने पुरुषांना चावडीपुढे बसवले आणि भिंतीशी ताडून पाहिले. माझे मालक आखडलेला पाय लांब करून बसत, भिंतीवरही तसेच. त्यांच्यासह तिघांना नेले.

पारूआक्का दोन दिवस जेवली नाही. "माज्या हातानं धरून दिलं गं मी." तिसऱ्या दिवशी भर दुपारी ती गेरू घेऊन पुन्हा चावडीवर गेली आणि उरलेले गावही त्याच ओळीत बसवू लागली. अंगठे दिलेले धावून आले. "आमास्नी कशाला यात घालतीस?"

ती मागे न वळता म्हणाली, "समदं गाव बसलं तर कुनाकुनाला उचलतील? आन् पानी काय अंगठा बघून चढनार हाय व्हय?"

भिंत पुसायला मात्र कोणी पुढे झाले नाही.

शेवटी तिने गेरूची वाटी माझ्यापुढे धरली. "आता मला काढ. जाऊ म्हायेरला गेलीया."

मी भ्याले. हाताला गेरू दिसला तर मलाही नेतील, घरी सासूबाई एकट्या. मी म्हणाले, "उद्या काढते, आक्का. भित वली हाय." भिंत कोरडी ठणठणीत होती. तिने तळवा लावून पाहिला, "बरं" म्हणाली आणि वाटी खाली ठेवली.

दुसऱ्या दिवशी जमादाराने बायकापुरुष सगळेच बसवले. "कुनी काढलं हे?" अंगठे दिलेलेही गप्प राहिले. मग तो एकदा आमच्याकडे, एकदा भिंतीकडे बघत पुढे सरकू लागला. मी डावा खांदा खाली दाबून बसले होते. तो मला ओलांडून गेला आणि पारूआक्कापुढे थांबला.

"माजी आईबी भिती काढायची," तो हलकेच म्हणाला. "सोताला कदी काढत नव्हती."

तिला उठवले, तेव्हा तिने पहिल्यांदाच माझ्या तोंडाकडे पाहिले. "भित वाळली आसंल गं आता," एवढेच म्हणाली.

मालक सुटून आले. पारूआक्का तुरुंगातच तापाने गेली. पुढे चावडी पाण्याखाली गेली आणि आम्ही दुसऱ्या गावी आलो.

इथे दिवाळीला भिंत मी काढते. मला सून काढते. घरात माणसे सात आहेत आणि भिंतीवर आठ होतात. सून दरवर्षी मोजून म्हणते, "आत्याबाई, एक जास्त झालं." ती आठवी, हातात वाटी धरलेली, मी सगळ्यांच्या आधी काढते. भिंत ओली असली तरी ती काढून होईपर्यंत वाटी मी खाली ठेवत नाही.